मुद्देमाल क्रमांक सात

पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी टॅमरॅक काउंटीच्या शेरीफ कचेरीत दोनच माणसं हजर होती. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, त्यामुळे बाकी सगळं गाव पहाटेच नारिंगी जाकिटं चढवून जंगलात गेलं होतं. शाळा बंद, कोर्ट बंद, न्हावी बंद. चर्च उघडं होतं, पण पाद्री जंगलात होता. मागे उरले होते ते गुडघ्याने दगा दिलेला डेप्युटी लॉइड ट्रेम्ब्ले आणि मुद्देमाल खोलीची कारकून रोंडा किनुनेन. लॉइड हळहळत बसला होता. रोंडाला मात्र आज हरणांशी काही देणंघेणं नव्हतं.

"माझं पाकीट आणलंस?" कोट काढायच्या आधीच तिने विचारलं.

"आणलं की! काल दुपारीच." लॉइडच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं तेज होतं.

त्या पाकिटात रोंडाच्या अठ्ठावीस वर्षांची कमाई होती. विसाव्या वर्षी तिने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, वर्षभर शिकली, मग लग्न, दोन मुली, नवऱ्याच्या लाकूड गिरणीला लागलेलं टाळं, या सगळ्यात ते शिक्षण जे सुटलं ते सुटलंच. तीन वर्षांपूर्वी तिने पुन्हा हिय्या केला. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, आणि आता अठ्ठेचाळीसाव्या वर्षी कॉलेजची दोन वर्षं पुरी झाली होती. त्या जोरावर विद्यापीठात एकदम तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता, क्रिमिनल जस्टिसच्या पदवीसाठी. अर्जाची शेवटची तारीख आज, संध्याकाळी पाच.

घोळ एवढाच होता की तिचे निम्मे विषय जुन्या काळातले, तळघरातल्या पिवळ्या कार्डांवर टाइप केलेले. संगणकाला त्यांचा पत्ताच नव्हता. कॉलेजच्या रजिस्ट्रारने दोन दिवस खपून हाताने गुणपत्रिका तयार केली, पाकिटात घातली, झडपेवर मोहोर उठवली आणि रोंडाला फोनवरून बजावलं, "विद्यापीठात हे बंदच पोचलं पाहिजे. मोहोर फुटली की आतला कागद रद्दी." एवढं सांगून तोही दहा दिवसांच्या रजेवर जंगलात गेला. काल रोंडाची एका जादा विषयाची परीक्षा होती आणि लॉइडचं घर कॉलेजच्या बाजूला, म्हणून पाकीट आणायचं काम लॉइडकडे आलं होतं.

"कुठे ठेवलंस?"

"ठेवलं नाही. नोंदवलं."

रोंडाचा एक हात कोटात होता, एक बाहेर. तो तसाच राहिला.

खोलीच्या काउंटरवर रोंडाच्याच हस्ताक्षरातली पाटी होती: 'इथे आलेली प्रत्येक वस्तू नोंदवा. विचारू नका. नोंदवा.' गेली एकोणीस वर्षं लॉइड त्या पाटीवर टोपी टांगत आला होता. जप्त केलेल्या वस्तू तो काउंटरवर ओतायचा आणि पसार व्हायचा, मग रोंडा त्याला फोनवरून सोलून काढायची. काल मात्र त्याला उपरती झाली. बिचारीची परीक्षा आहे, आज तरी तिला त्रास नको, असं म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. समोर सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, शेगडी चोरल्याच्या खटल्याचा माल पडला होता. त्याने काउंटरवरची एकेक वस्तू उचलली, पिशवीत घातली, लाल पट्टी मारली, बारकोड डकवला. क्रमांक एक शेगडी. दोन ते सहा शेगडीचे दगड, धुराडं, बादली, ओगराळं आणि बाक. क्रमांक सात, पाकीट, बंद, मोहोर शाबूत.

"आणि आठ?" वही वाचत रोंडाने विचारलं.

"माझी पेस्टी. मांस-बटाटा भरलेली, अर्धी खाल्लेली."

"पेस्टी कशी नोंदवलीस, लॉइड?"

"काउंटरवर होती ना!"

रोंडा ओरडायला तोंड उघडणार, तोच तिची नजर नोंदींवर स्थिरावली. तारीख होती. वेळ होती. आद्याक्षरं होती. अर्धी सही पट्टीवर, अर्धी पिशवीवर, अगदी पाहिजे तशी. एकोणीस वर्षं घसा कोरडा केला ते या माणसाच्या डोक्यात शिरलं होतं, आणि नेमकं कालच शिरलं होतं. याला बदडावं की याचा सत्कार करावा, हे तिला कळेना.

"अगं, मग काढून घे ना," लॉइड म्हणाला. "चावी तुझ्याच कमरेला आहे."

"खटल्याच्या नंबराखाली गेलेली वस्तू कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर निघत नाही."

"हा नियम कोणी केला?"

"मी."

"मग मोड की! कोण बघणारे? अख्खी काउंटी झाडावर बसलीय."

"मी बघणारे," रोंडा म्हणाली आणि दुसरा हात परत कोटात घातला.

कोर्ट बंद असलं तरी जज मार्लिस हार्यू कुठे सापडतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळ्याकाठच्या लाकडी कॅम्पवर बावीस वर्षं तीच तीन माणसं जात होती: जजबाई, सरकारी वकील ग्लेन आणि आरोपींचा वकील सवार्ड. कोर्टात ते एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणत आणि कॅम्पवर भांडी कोणी घासायची यावरून महिनाभर अबोला धरत. लॉइडने आपली नारिंगी टोपी रोंडाच्या डोक्यावर बसवली. "घाल. नाहीतर कोणी हरीण समजून टिपलं तर संध्याकाळी तुझीच नोंद करायला लागेल मला." आज तो खरोखर करेल, याबद्दल तिला शंका नव्हती.

कच्च्या रस्त्याने पाऊण तास ट्रक दामटून ती कॅम्पवर पोचली, तेव्हा ग्लेन कांदा चिरत होता, सवार्ड सॉसेज परतत होता आणि जजबाई पहाटेपासून मचाणावर होत्या.

"हाक मारू का?" रोंडाने विचारलं.

"मार," ग्लेन म्हणाला. "हरीण पळालं तर हुकमाऐवजी तुझ्या नावाचं वॉरंट निघेल, एवढंच."

ती बसली. दीड तास बसली. अकराला जजबाई रिकाम्या हाताने उतरल्या, बुटांवरचा बर्फ आपटला आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिने उभं राहून एका दमात सगळं सांगून टाकलं.

जजबाई टेबलाशी बसल्या. त्यांनी स्वयंपाकाच्या ओगराळ्याने टेबलावर दोनदा ठोकलं. "कोर्ट सुरू. ग्लेन, सरकारचं म्हणणं?"

"सरकारला पाकीट नको. सरकारला भूक लागलीय."

"सवार्ड?"

"माझी हरकत आहे," सवार्ड सॉसेज उलटत म्हणाला.

ग्लेनने सुरी खाली ठेवली. "अरे बाबा, सुट्टी आहे आज!"

"माझ्या अशिलाला नाही. त्याच्यावर खटला आहे. त्याच्या खटल्यात एक बंद पाकीट नोंदलं गेलंय आणि आता कारकूनबाई म्हणतात, 'ते माझं आहे, द्या.' आत काय आहे हे मी कशावरून मानू? उघडा, मला दाखवा, मग खुशाल न्या."

"उघडलं तर विद्यापीठ घेणार नाही," रोंडा म्हणाली.

"वाईट वाटतं मला. पण उघडा."

रोंडाला त्याचा राग आला नाही, आणि हीच पंचाईत होती. तो अगदी बरोबर बोलत होता. सौनाची शेगडी चोरल्याचा आळ असलेल्या, गावात कोणी हुंगत नसलेल्या माणसासाठी तो शिकारीच्या पहिल्या दिवशी, हातातलं उलथनं न सोडता भांडत होता. कालच्या परीक्षेत चांगल्या वकिलाची व्याख्या लिहायला आली होती. तिने दीड पान लिहिलं होतं, त्याऐवजी याचं नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"उजवा हात वर कर," जजबाई म्हणाल्या. "खरं सांगशील, खरंच सांगशील?"

"सांगेन."

जजबाईंनी हरणाचं मांस बांधायच्या तपकिरी कागदाचा हातभर तुकडा फाडला. कॅम्पवर दुसरा कागद नव्हता. "चावी तुझ्याकडे. वही तुझ्याकडे. नियम तूच केलेला. गुपचूप काढून घेतलं असतंस तर मला जन्मात कळलं नसतं. मग माझी सकाळ का वाया घालवलीस?"

रोंडाने हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला थोडं, मुलींना मुळीच नाही.

"एकोणीस वर्षांपूर्वी मी त्या खोलीत कारकून नव्हते, जजबाई. झाडू मारायला यायचे. एका गुरुवारी हीटरच्या मागे झाडू घातला तर एक पिशवी निघाली. तिच्यात एक हातमोजा होता. त्या हातमोज्याच्या पुराव्यावर जो सुटायला हवा होता तो माणूस तोवर चौदा महिने तुरुंगात बसला होता. पिशवी कोणी चोरली नव्हती. कोणाचं वाईट करायचंही कोणाच्या मनात नव्हतं. कोणीतरी 'मग नोंदवू' म्हणून ठेवली आणि ती मागे पडली, बस. तो सुटला तेव्हा शेरीफने मला विचारलं, ही नोकरी करशील का. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्या खोलीतून मी टाचणीसुद्धा विनासही बाहेर जाऊ दिली नाही. आज स्वतःचं पाकीट काढलं, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवू? आणि हे सगळं मी नुसतं धाकाने करत आलेय. ते का करायचं असतं, ते एकदा नीट शिकायचंय मला. म्हणून विद्यापीठ."

जजबाई लिहीत होत्या. शब्दन् शब्द लिहीत होत्या. सवार्डने गॅस बंद केला होता, पण सॉसेज तोवर करपले होते.

"हरकत मागे घेतो," सवार्ड म्हणाला. "एका अटीवर. पाकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि मोहोरेचं वर्णन कोर्टाकडे राहू दे."

सकाळी निघण्यापूर्वीच घेतलेले फोटो रोंडाने खिशातून बाहेर काढले. वर्णन मागे लिहिलेलं होतं.

"ही बाई माझ्या बाजूला का नाही?" सवार्डने ग्लेनला विचारलं.

"माझ्याही बाजूला नाहीये ती," ग्लेन म्हणाला.

जजबाईंनी खाली हुकूम लिहिला आणि सही ठोकली. रोंडाने कागद वाचला. "मॅडम, नुसतं 'पाकीट' नको. 'क्रमांक सात' लिहा."

जजबाईंनी लिहिलं. "अजून काही?"

"तारीख."

ग्लेन हसायला लागला, पण जजबाईंनी ओगराळं उचलल्यावर थांबला.

साडेबाराला ती कचेरीत परत आली, तर नवी अडचण उभी. स्वतःच्या ताब्यातला मुद्देमाल स्वतःलाच देता येत नाही. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. म्हणजे लॉइडने काउंटरच्या आत जायचं आणि तिने बाहेर उभं राहायचं. लॉइड आत गेला, तिच्या खुर्चीत बसला, तिचा चष्मा नाकावर ठेवून पाहिला आणि हुकूम सावकाश वाचला. या कालच्या नवभक्ताला आता नियमांची गोडी लागली होती.

"ओळखपत्र?"

"लॉइड!"

"पाटीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मी काल पहिल्यांदा वाचलं."

तिने ओळखपत्र दाखवलं. त्याने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. सात नंबरची पिशवी आणि हस्तांतराचा तक्ता तिच्या हाती देताना तो म्हणाला, "जा. आणि पास होऊन ये." आज फक्त अर्ज द्यायचाय, हे सांगायला तिला वेळ नव्हता.

विद्यापीठ अडीच तासांवर, आणि तिथलं घड्याळ काउंटीच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे. पूर्वेला निघालेल्या प्रत्येकाचा तो तास वाटेतच कापला जातो, त्यामुळे तिने तो धरूनच हिशोब केला होता. पुढे हरीण लादलेला एक ट्रक निम्म्या वेगाने, मिरवणुकीत असल्यासारखा चालला होता, त्याचा हिशोब तिने धरला नव्हता. बर्फही सुरू झाला. ती धापा टाकत प्रवेश कचेरीच्या खिडकीशी पोचली, तर भिंतीवरच्या घड्याळात पाचाला चक्क सोळा मिनिटं बाकी. धरला होता तेवढा उशीर झाला नाही, असं तिला वाटलं.

खिडकीत साठीची एक बाई बसली होती. गळ्यातल्या पट्टीवर 'नोरीन' लिहिलेलं होतं. लाल पट्टीच्या प्लास्टिक पिशवीतली गुणपत्रिका तिच्या कारकिर्दीत प्रथमच आली असावी. तिने कात्री उचलली.

"पट्टीवर कापू नका," रोंडा म्हणाली. "उलट्या बाजूने कापा. आणि मग इथे सही, तारीख, वेळ."

नोरीनने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, उलट्या बाजूने कापलं आणि तक्त्यावर सही केली. मग पाकिटाची मोहोर तपासली, ते उघडलं आणि बोटाने ओळी मोजत गेली. "साठ क्रेडिट. साठच्या साठ धरली जातील. अर्ज आहे, शिफारसपत्रं आहेत. निवेदन?"

"पाकिटाला जोडलंय ना. दोन पानं."

"नाहीये."

रोंडाने पिशवी उलटी केली. मग तिला आठवलं. परीक्षेला जाताना ती दोन पानं तिने लॉइडसाठी काढून ठेवली होती, 'पाकिटाला क्लिप लाव' म्हणून. काउंटरवर. तिने फोन लावला.

"दोन पानं? टाइप केलेली?" लॉइडचा आवाज खिडकीपलीकडेही ऐकू येत होता. "हो, हो, आहेत ना! क्रमांक नऊ. सकाळी तू आठवर थांबलीस, पान उलटलंच नाहीस. फोटो काढून पाठवू का?"

पाठव म्हणायला एक शब्द लागला असता. रोंडाने डोळे मिटले.

"नको. पिशवी उघडावी लागेल. हुकूम सातचाच आहे."

तिने फोन ठेवला. हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. अठ्ठावीस वर्षं आणि दोन पानं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही, कारण लपवायलाही जोर लागतो.

"हा मांसाचा कागद कसला?" तक्त्याखालचा तपकिरी कागद उचलत नोरीनने विचारलं.

"कोर्टाचा हुकूम. पाकीट बाहेर कसं आलं त्याचा दाखला म्हणून आणला."

नोरीन वाचू लागली. जजबाईंचा प्रश्न वाचला, खालचं उत्तर वाचलं, मग पहिल्यापासून परत वाचलं. उठून कागदाची प्रत काढली आणि ती अर्जामागे टाचून यादीवर खूण केली.

"ते निवेदन नाहीये," रोंडा नाक पुसत म्हणाली. "तो हुकूम आहे. तुमची नोंद चुकतेय."

"'ही पदवी आपल्याला का हवी, ते एका अनुभवासह स्वतःच्या शब्दांत लिहा,'" नोरीनने अर्जावरचं वाचून दाखवलं. "कारण आहे. अनुभव आहे. शब्द तुमचेच आहेत, वर शपथेवर आहेत आणि खाली जजची सही आहे. चौतीस वर्षं मी इथे निवेदनं घेतेय, बाई. खरं बोलल्याची जजची सही असलेलं हे पहिलंच."

रोंडाने यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. नोरीनने शिक्का मारला, पाच वाजायला सहा मिनिटं, आणि पावती खिडकीतून सरकवली.

पावतीवरची वेळ पाहून रोंडाने सवयीने मनगटाकडे पाहिलं. तिचं घड्याळ काउंटीचं होतं. चार वाजून चार मिनिटं. म्हणजे इथे पाच वाजून चार.

तिने पावती घडी करून खिशात घातली. दारापर्यंत गेली. दाराच्या मुठीला हात लावला. मग मान खाली घालून परत आली.

"तुमचं घड्याळ मागे आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटं."

नोरीन खिडकीचं फळकूट ओढत होती. तिचा हात थांबला. "ठाऊक आहे मला. मीच लावलंय."

"तुम्ही?"

"दरवर्षी पंधरा नोव्हेंबरला लावते. आज लोक जंगलातून येतात. वाटेत कुठला तरी मेला ट्रक हरीण घेऊन रांगत असतो."

"याची नोंद कुठे आहे?"

"कुठेच नाही," नोरीन म्हणाली.

रोंडा खिडकीशीच थांबली. कोटाच्या खिशातलं पेन केव्हा हातात आलं होतं ते तिलाही कळलं नव्हतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, नोरीनकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"बरंय," ती म्हणाली. "नका करू."